दोनशे आठ : साकोलीच्या एका निकालाचा उलगडा

२३ नोव्हेंबर २०२४, शनिवार. दुपारपर्यंत महाराष्ट्राचं चित्र स्वच्छ झालं होतं. भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. तिघांचे मिळून २८८ पैकी २३०. समोरच्या बाजूला उद्धव ठाकरेंची सेना २०, काँग्रेस १६, शरद पवारांची राष्ट्रवादी १०. टीव्हीवरच्या मंडळींना आता फक्त विशेषणं शोधायची होती. आमच्या भागात मात्र कोणी मोबाइल खिशात घालायला तयार नव्हतं, कारण साकोलीचा आकडा ठरत नव्हता.

ठरला तो असा : काँग्रेसचे नाना पटोले ९६,७९५, भाजपचे अविनाश ब्राह्मणकर ९६,५८७. फरक २०८.

दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीवर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला विचारलं, "गुरुजी, दोनसे आठ म्हनजे किती मानसं जी?" मी जन्मभर गणित शिकवलं, त्यामुळे टक्केवारी काढायला लागलो. त्याने हातानेच थांबवलं. "आमच्या पोरीच्या लग्नात पहिल्या पंगतीले याच्यापेक्षा जास्त होती."

नोकरीत असताना मी निवडणुकीच्या बऱ्याच ड्यूट्या केल्या. कधी मतदान अधिकारी, कधी केंद्राध्यक्ष. निकालाच्या दिवशी लोक जे बोलतात आणि पेटीत, म्हणजे आता मशीनमध्ये, जे पडलेलं असतं त्यांचा मेळ क्वचितच बसतो, हे तेव्हापासून माहीत आहे. तरी साकोलीच्या निकालानंतर जे झालं ते वेगळं होतं. आठवडाभरात प्रत्येकाकडे २०८ चं कारण तयार होतं, आणि प्रत्येकाचं वेगळं. बंडखोरामुळे, लाडक्या बहिणीमुळे, जातीमुळे, धानाच्या बोनसमुळे, अमुक गावच्या सरपंचामुळे. गंमत अशी की यातलं कुठलंच कारण खोटं ठरवता येत नाही. फरक इतका बारीक असला की कोणतीही गोष्ट त्याच्यापेक्षा मोठीच निघते. म्हणून हे प्रकरण नीट उलगडून पाहावंसं वाटलं.

जागा आणि हंगाम

साकोली, लाखनी आणि लाखांदूर हे तीन तालुके मिळून हा मतदारसंघ होतो. भंडारा जिल्ह्याचा हा पूर्व आणि दक्षिणेकडचा भाग. मुंबई-कोलकाता महामार्ग लाखनी आणि साकोलीतून जातो, चुलबंद नदी मधून वाहते, लाखांदूरच्या बाजूला वैनगंगा, आणि वैनगंगा ओलांडली की वडसा, म्हणजे गडचिरोली जिल्हा. विदर्भ म्हटलं की बाहेरच्यांच्या डोळ्यांसमोर कापूस आणि सोयाबीन येतं. इथे दोन्ही नाही म्हटलं तरी चालेल. इथे धान आहे, आणि धानाला पाणी पुरवणारे जुने मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव आहेत. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांचं नाव आजही निघतं.

ही गोष्ट केवळ वर्णनासाठी सांगत नाही. २०२४ च्या निवडणुकीआधी राज्यभर चर्चा होती ती सोयाबीनच्या भावाची. हमीभाव ४,८९२ रुपये आणि बाजारात त्याहून बराच कमी, यामुळे पश्चिम विदर्भ आणि मराठवाड्यातला शेतकरी सरकारला दणका देईल असं म्हटलं जात होतं. दणका बसला नाही, तो विषय वेगळा. धानपट्ट्यात तो रागच नव्हता. धानाचा हमीभाव त्या हंगामात २,१८३ वरून २,३०० झाला होता आणि आधारभूत केंद्रावर तो मिळतो. इथली तक्रार वेगळ्या जातीची असते : केंद्र उशिरा उघडलं, बारदाना नाही, गोदाम भरलं, चुकारे अडकले. त्या तक्रारीचा राग तालुक्याच्या पुढाऱ्यावर निघतो, मुंबईच्या सरकारवर तितका निघत नाही.

मतदान २० नोव्हेंबरला, बुधवारी होतं. हलकं धान दिवाळीच्या आसपास निघतं, भारी धान नोव्हेंबरात. म्हणजे ज्या दिवशी माणसाने रांगेत उभं राहायचं त्या दिवशी त्याचं धान कापून कडप्यात पसरलेलं तरी असतं, नाहीतर पुंजणं, म्हणजे रास, लागलेलं असतं. वर भरीला भाऊबीजेनंतर सुरू होणाऱ्या मंडया, म्हणजे गावच्या जत्रा. गावोगावी दिवसा दंडार हे लोकनाट्य, रात्री झाडीपट्टीचं नाटक. त्या वर्षी लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं, उमेदवारी मागे घेण्याची मुदत ४ तारखेला संपली आणि प्रचार १८ ला. म्हणजे सगळा प्रचार मंडईच्या हंगामात आला. उमेदवाराला सभा भरवावी लागत नव्हती, गर्दी आयती होती. नाटकाच्या मंडपात उद्घाटनाला नारळ फोडायचा, दोन शब्द बोलायचे, पुढच्या गावाला निघायचं. आचारसंहितेचं पथक असलं तर ते दोन शब्दही जपून.

सात महिन्यांपूर्वीची लोकसभा १९ एप्रिलला झाली होती, ऐन मोहफुलांच्या दिवसांत. तेव्हा भंडारा-गोंदियातून काँग्रेसचे प्रशांत पडोळे भाजपच्या सुनील मेंढेंना ३७,३८० मतांनी हरवून गेले. विदर्भातल्या दहा लोकसभा जागांपैकी सात महाविकास आघाडीने घेतल्या होत्या. त्या हिशेबाने विधानसभेत विदर्भ आघाडीला तारेल असं गृहीत धरलं गेलं. प्रत्यक्षात ६२ पैकी आघाडीला मिळाल्या १३ : काँग्रेस ९, ठाकरे सेना ४, शरद पवार गटाचं खातं उघडलंच नाही. एकट्या भाजपने ३८ घेतल्या.

भंडारा-गोंदिया लोकसभेखाली सहा विधानसभा येतात. तुमसर आणि अर्जुनी-मोरगाव अजित पवारांच्या राष्ट्रवादीकडे गेल्या, भंडारा शिंदे सेनेकडे, तिरोडा आणि गोंदिया भाजपकडे. सहाव्या साकोलीत २०८.

म्हणून खरा प्रश्न असा आहे : चहूबाजूंनी पूर आलेला असताना ही एक बांधी, म्हणजे धानाचा वाफा, बुडाली कशी नाही? आणि लगेच दुसरा : तिचा धुरा, म्हणजे बांध, इतका कसा झिजला की पाणी काठाला लागलं?

दोन निवडणुकांचं गणित

२०१९ ला याच जागेवर पटोलेंना ९५,२०८ मतं होती आणि भाजपच्या परिणय फुके यांना ८८,९६८. फरक ६,२४०. फुके तेव्हा राज्यमंत्री होते, तरी हरले.

२०२४ शी ताडून पाहा. पटोलेंची मतं घटली नाहीत, उलट १,५८७ ने वाढली. भाजपची वाढली ७,६१९ ने. यांच्यातली तफावत ६,०३२, आणि ६,२४० मधून ती वजा केली की उरतात २०८. फळ्यावर मांडण्यासारखं सुबक उदाहरण आहे. निकालानंतर "नानांची मतं फुटली" असं जे सर्रास बोललं गेलं, ते निदान एकूण बेरजेत तरी दिसत नाही. त्यांची जुनी गठडी साबूत राहिली. समोरच्याची फुगली.

आता तिसरा माणूस पाहू, कारण दोन्ही वेळा तिसरा माणूस होता. २०१९ ला वंचित बहुजन आघाडीच्या तिकिटावर लढलेले सेवक वाघाये, मूळचे काँग्रेसचे माजी आमदार, तीस हजारांवर मतं घेऊन गेले होते. ती बहुतेक काँग्रेसच्या घरातली. २०२४ ला उलट झालं. भाजपने अजित पवारांच्या राष्ट्रवादीतून ऑक्टोबरअखेर पक्षात आलेल्या ब्राह्मणकरांना तिकीट दिलं आणि पक्षातले सोमदत्त करंजेकर अपक्ष उभे राहिले. भाजपने नोव्हेंबरच्या सुरुवातीला राज्यभरातल्या चाळीस बंडखोरांची हकालपट्टी केली, त्यांत त्यांचं नाव होतं. त्यांनी १८ हजारांवर मतं घेतली.

म्हणजे पाच वर्षांत बंडाची कूस बदलली. २०१९ ला काँग्रेसचं घर फुटलं तरी काँग्रेस ६,२४० ने आली. २०२४ ला भाजपचं घर फुटलं तरी भाजप दारापर्यंत पोचली. नुसती २०८ ची चर्चा केली की ही गोष्ट हातातून सुटते. एका वर्षी जखम याला, दुसऱ्या वर्षी त्याला, आणि तरी फरक घटला. याचा अर्थ बंडखोर बाजूला ठेवला तर साकोलीतलं वारं किती फिरलं होतं ते ६,०३२ या आकड्याने पुरतं कळत नाही. त्याच्या खाली बरंच मोठं काही सरकलं आहे.

बंडखोराचा पुरावा

टपरीवरच्या सगळ्या कारणांत मला सगळ्यात वजनदार वाटतं ते बंडखोराचं. आवडीनिवडीने म्हणत नाही, त्याला सिद्ध व्हायला सगळ्यात कमी पुरावा लागतो म्हणून. समजा करंजेकर उभेच नसते. त्यांच्या १८ हजारांपैकी काही मतदार घरीच बसले असते, काही काँग्रेसला गेले असते, काही भाजपला. सगळेच या दोघांत वाटले गेले असं धरलं, तर निकाल उलटायला भाजपला शंभरातली फक्त ५१ मतं पुरेशी होती. ५१ आणि ४९ चा फरक १८ हजारांवर ३६० होतो. २०८ त्यात आरामात बसतात. आणि घरी बसणारे धरले, निम्मे मतदार घरीच राहिले असं मानलं, तरी उरलेल्या नऊ हजारांत ५२-४८ अशी वाटणी भाजपला पुरे झाली असती. भाजपमधूनच बाहेर पडलेल्या माणसाच्या मागे गेलेल्या मतांत भाजपचा वाटा एवढाही नसेल असं मानायला मी तयार नाही.

तरी एक शंका प्रामाणिकपणे नोंदवतो. अपक्षाला पडणारं मत हे नेहमीच पक्षातून फुटलेलं नसतं. "दोघंही नकोत" म्हणणाऱ्याला तो आधार असतो. जातीचा, गावचा, दवाखान्यात वेळेला धावून आलेला माणूस म्हणूनही मत पडतं. अशा मतदाराच्या मनात कमळ-पंजा नसतोच. म्हणून मी "बंडखोरामुळे पटोले निवडून आले" असं म्हणणार नाही. बंडखोर नसता तर पटोलेंचं निवडून येणं फार अवघड होतं, एवढंच म्हणेन. दोन वाक्यांत फरक आहे आणि तो टपरीवर कोणाला पटत नाही.

दीड हजार आणि एक एकर

आता काठापर्यंत पाणी चढलं कसं?

लाडकी बहीण योजना २८ जून २०२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली. २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्नाच्या महिलेला महिन्याला १,५०० रुपये. जुलैपासून धरून नोव्हेंबरपर्यंतचे पाच हप्ते आचारसंहिता लागायच्या आत खात्यांत पडले. म्हणजे ७,५००.

हे ७,५०० धानपट्ट्यात काय असतात ते इथलाच माणूस सांगू शकतो. आदल्या हंगामात धानाचा बोनस, सरकारी भाषेत प्रोत्साहनपर राशी, हेक्टरी २० हजार होता, दोन हेक्टरच्या मर्यादेत. एकराला हिशेब येतो ८ हजार. आमच्याकडे एक-दोन एकरवाला हाच शेतकरी. तेव्हा घरातल्या एका बाईचे पाच हप्ते म्हणजे जवळपास एका एकराचा बोनस. सासू आणि सून दोघी पात्र असल्या तर दोन एकरांचा.

पण खरा फरक रकमेत नाही. बोनस सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याला मिळतो, नोंदणी करावी लागते, केंद्रावर चकरा माराव्या लागतात. आणि सातबाऱ्यावर नाव बहुधा पुरुषाचं. ठेक्याने किंवा बटईने करणाऱ्याला तर बांधावर उभं राहून दुसऱ्याचा बोनस पाहावा लागतो. बहिणीचा हप्ता भूमिहीन घरातल्या बाईलाही मिळाला, तिच्या स्वतःच्या खात्यात, तिच्या आधार कार्डावर. रोवण्याच्या दिवसांत गुडघाभर चिखलात वाकून राबणाऱ्या बायांच्या हातात रोजीव्यतिरिक्त असा पैसा यापूर्वी आलेला मी पाहिला नव्हता. बँकेच्या दारात लागलेल्या त्यांच्या रांगा पाहिल्या तेव्हाच वाटलं होतं की लोकसभेचा हिशेब आता लागू पडणार नाही.

आघाडीने यावर ३,००० चं आश्वासन दिलं, महायुतीने २,१०० चं. आमच्या शेजारच्या बाईने दोन वाक्यांत निकाल लावला. "हातातले दीड हजार खरे का कागदावरचे तीन हजार, तुमीच सांगा ना जी." यावर आघाडीकडे उत्तर नव्हतं. आधी ते योजनेला नावं ठेवत होते, मग दुप्पट देऊ म्हणाले. बायांनी दोन्ही ऐकलं होतं.

राज्यात २०१९ ला ६१ टक्क्यांच्या आसपास असलेलं मतदान २०२४ ला ६६.०५ टक्क्यांवर गेलं. वाढलेलं सगळं मतदान बहिणींचंच, असं म्हणणं सोपं आहे. मी म्हणणार नाही. शेतीपंपाच्या साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या वीजबिलाची माफी होती, ती धानाच्या उन्हाळी पिकाला फार मोलाची. संघाच्या माणसांनी घरोघरी फिरून काम केलं, लोकसभेला ते एवढं दिसलं नव्हतं. आणि लोकसभेला "संविधान बदलणार" ही जी भीती वस्त्यांमध्ये खोल गेली होती, ती विधानसभेला तेवढी धारदार राहिली नाही. पण पाचही शेजारच्या जागांवर एकाच दिशेने जे घडलं, त्याचं कारण पाचही ठिकाणी सारखं असलेल्या गोष्टीतच शोधावं लागतं. बंडखोर प्रत्येक ठिकाणी वेगळे होते, उमेदवार वेगळे, जातींची जुळणी वेगळी. हप्ता सगळीकडे तोच.

घरचा माणूस

मग साकोली वाचली कशी? बंडखोराने धक्का पचवायला मदत केली, ते झालं. पण ९६,७९५ मतं बंडखोर आणून देत नाही.

पटोले याच तालुक्यातल्या सुकळीचे. १९९९ ला ते जुन्या लाखांदूर मतदारसंघातून काँग्रेसचे आमदार झाले, २००४ ला पुन्हा. पुनर्रचनेत लाखांदूर साकोलीत मिसळलं, ते भाजपमध्ये गेले आणि २००९ ला साकोलीतून भाजपचे आमदार झाले. २०१४ ला भाजपकडूनच लोकसभेला प्रफुल्ल पटेलांना सुमारे दीड लाखाने हरवलं. डिसेंबर २०१७ ला खासदारकी सोडली, परत काँग्रेस. २०१९ ला नागपुरात गडकरींपुढे दोन लाखांवर मतांनी पडले, पण काही महिन्यांतच साकोलीने त्यांना उचललं. पक्ष बदलला, पद बदललं, विधानसभेचे अध्यक्ष झाले, प्रदेशाध्यक्ष झाले, मतदार त्यांच्याबरोबर इकडून तिकडे गेला. अशी मतं पक्षाची नसतात. लाट आली तरी ती हलत नाहीत, आणि लाट आपल्या बाजूची असली तरी फार वाढतही नाहीत. १,५८७ ची वाढ मला याच स्वभावाची वाटते.

उलट बाजूही सांगायला हवी. प्रदेशाध्यक्ष झाल्यावर माणूस राज्यभर फिरतो. मुख्यमंत्रिपदाच्या चर्चेत नाव आलं की गावचे लोक खूष होतात आणि तक्रारही करतात. "आता भेटते कुठं?" हे वाक्य त्या मंडईच्या हंगामात मी बऱ्याच तोंडांतून ऐकलं. मुंडीपारच्या भेल या सरकारी कंपनीच्या प्रकल्पाची कोनशिला २०१३ ला बसली, जमिनी गेल्या, कारखाना आला नाही. हा राग कुठल्या एका पक्षाच्या नावावर लिहिता येत नाही, म्हणून तो दरवेळी जो समोर असेल त्याच्यावर निघतो.

जातीचं गणित मी मुद्दाम मांडत नाही. कुणबी, तेली, कोहळी, पोवार, ढिवर, बौद्ध, गोंड, हलबा अशी यादी करून प्रत्येकापुढे पंजा किंवा कमळ लिहिणारे खूप आहेत. त्यांच्या वह्या मी पाहिल्या आहेत. निकालाच्या आधीच्या वहीत आणि नंतरच्या वहीत आकडे वेगळे असतात.

टेबलावर

२०८ चा फरक असला की मतमोजणीच्या खोलीतली प्रत्येक बारीक गोष्ट मोठी होते. त्याबद्दल लोकांना फार कमी माहिती असते.

माझाच एक किस्सा सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका आडगावच्या केंद्रावर मी केंद्राध्यक्ष होतो. पहाटे मॉक पोल घ्यावा लागतो, उमेदवारांच्या एजंटांसमोर निदान ५० मतं टाकून मशीन बरोबर मोजते हे दाखवायचं. मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर, ज्याला आम्ही सीआरसी म्हणतो, ते करून मशीन कोरं करायचं. त्या दिवशी एजंट उशिरा आले, बाहेर रांग लागली, धांदलीत क्लिअर करायचं राहिलं आणि मी सील लावायला कागद हातात घेतला. शेजारच्या शिक्षिकेने टोकलं म्हणून बचावलो. नाहीतर ती ५० मतं खऱ्या मतांत मिसळली असती. पुढे कित्येक रात्री मला ते आठवायचं.

अशा मशीनसाठी नियम आहे. मॉक पोलची मतं पुसायची राहिली, किंवा मशीनमधला एकूण आकडा आणि केंद्राध्यक्षाने भरलेल्या १७-सी नमुन्यातला आकडा जुळला नाही, तर ते मशीन बाजूला ठेवतात. शेवटी विजयाचा फरक अशा केंद्रांवरच्या एकूण मतांपेक्षा मोठा असेल तर ते उघडायची गरज पडत नाही. लहान असेल तर व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कोणाला पडलं ते छापणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्या मोजतात. २०२४ ला एका केंद्रावर जास्तीत जास्त दीड हजार मतदार असत. ज्या जागेचा निकाल ४० हजारांनी लागतो तिथे असली चूक कोणाच्या लक्षातही येत नाही. २०८ च्या जागेवर एक बाजूला ठेवलेलं मशीन निकाल रोखू शकतं.

टपाली मतांचंही तसंच. ती सकाळी आठला आधी मोजायला घेतात. ड्यूटीवरचे कर्मचारी, सैनिक, घरून मत देणारे ८५ वर्षांवरचे वृद्ध आणि अपंग. घोषणापत्र जोडलं नाही, सही राहिली, की मत बाद. शिकलेल्या माणसांचीच मतं जास्त बाद होतात, हे मी शिक्षक म्हणून लाजत सांगतो. विजयाचा फरक बाद ठरलेल्या टपाली मतांपेक्षा कमी असेल तर ती सगळी बाद मतं निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने पुन्हा तपासावी लागतात, कोणी मागणी करो वा न करो. शिवाय प्रत्येक मतदारसंघात चिठ्ठीने निवडलेल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजतात, आणि हरलेल्याला लेखी अर्ज देऊन फेरमोजणी मागता येते. मंजूर करायची की नाही ते अधिकारी ठरवतो.

आणखी एक आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. २०८ चं निम्मं १०४. तेवढ्या माणसांनी पंजाऐवजी कमळ दाबलं असतं तर दोघांनाही ९६,६९१ मतं पडली असती. बरोबरी झाली तर १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६५ प्रमाणे चिठ्ठी टाकतात. प्रदेशाध्यक्षाची आमदारकी एखाद्या लहानशा डब्यातल्या दोन चिठ्ठ्यांवर ठरली असती.

मशीनबद्दलचा संशय आमच्या भागाला नवा नाही. २०१८ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत भर मे महिन्यात यंत्रं जागोजागी बंद पडली होती आणि ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावं लागलं. त्यामुळे २०२४ च्या निकालानंतर खुद्द पटोलेंनी जेव्हा विचारलं की संध्याकाळी पाचला ५८.२२ टक्के असलेलं राज्यातलं मतदान ६६.०५ वर कसं गेलं, तेव्हा इथे कान टवकारले गेले. आयोगाचं म्हणणं असं की पाचनंतर एक तास मतदान चालतं, सहाला रांगेत असलेल्यांना चिठ्ठ्या देऊन मत घेतलं जातं, आणि पाचचा आकडा तोंडी कळवलेला असतो. मी स्वतः संध्याकाळी सहानंतर चिठ्ठ्या वाटल्या आहेत, दीड-दोन तास रांग संपवली आहे. म्हणून नुसत्या वाढीने मी दचकत नाही. केंद्रनिहाय कागद मागणाऱ्याला ते विनाविलंब मिळावेत, एवढी मात्र माझी हट्टाची मागणी आहे. टपरीवर यावर जो टोमणा होता तो वेगळा : ज्यांनी संशय घेतला तेच २०८ ने आले, आता समोरच्यांनी कोणावर घ्यायचा?

नंतर

विधानसभेत आघाडीतल्या एकाही पक्षाला विरोधी पक्षनेतेपदासाठी लागणारे एक दशांश, म्हणजे २९ आमदार नव्हते. १३ फेब्रुवारी २०२५ ला पटोलेंच्या जागी बुलढाण्याचे हर्षवर्धन सपकाळ प्रदेशाध्यक्ष झाले. त्याच बुलढाणा शहराच्या जागेवर शिंदे सेनेचे संजय गायकवाड ८४१ मतांनी आले होते, अकोला पश्चिम काँग्रेसने १,२८३ ने घेतली होती. विदर्भात अशा काठावरच्या जागा आणखी होत्या, साकोलीएवढी बारीक कुठली नव्हती. राज्यात तिच्याहून कमी फरक होता तो मालेगाव मध्यचा, १६२. मार्च २०२५ मध्ये धानाच्या बोनसचा शासन निर्णय निघाला, पुन्हा हेक्टरी २० हजार.

निकालाचा नमुना २० आयोगाच्या संकेतस्थळावर असतो, केंद्रनिहाय मतांसह. मी आमच्या गावचं केंद्र काढून पाहिलं. गावात जो स्वतःला किंगमेकर म्हणवतो त्याच्या वॉर्डातला आकडा पाहून हसू आवरलं नाही. त्याला दाखवला नाही. गावात राहायचं आहे.

उन्हाळ्यात तो टपरीवरचा म्हातारा पुन्हा भेटला, त्याच्याच अंगणात. दोन एकर ठेक्याने करतो, बोनस मालकाच्या नावावर गेला होता. त्यावर फार बोलला नाही. मात्र निवडणुकीचा विषय निघताच ताठ झाला.

"गुरुजी, ते दोनसे आठ होते ना, त्याच्यात मी होतो."

त्याआधी एवढ्या लोकांनी मला हेच सांगितलं होतं की त्यांची बेरीज केली असती तर पटोले दहा हजारांनी आले असते. मी मान डोलावली. आतून पाण्याचा गडू घेऊन आलेली त्याची बायको मात्र थांबली.

"ह्यायचं काय आयकता जी. हे त्या दिसी धानाच्या चुरण्यावर होते. बुथावर गेलेच नाहीत. मी गेली होती."

म्हातारा गडूतलं पाणी पीत राहिला. तिने कोणाला दिलं, ते मी विचारलं नाही.